घाणेरी खाल्लेलं जनावर कसं ओळखायचं, आणि झुडूप परत फुटणार नाही असं कसं काढायचं

घाणेरी म्हणा नाहीतर टणटणी, मूळची अमेरिकेतली, १८०९ च्या आसपास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली आणि आता गायरान, बांध, जंगल कुठेच तिच्यापासून सुटका नाही. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, त्यामुळे पोट भरलेलं जनावर सहसा तोंड लावत नाही. धोका उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा दुसरं हिरवं काही उरत नाही, नाहीतर बाजारातून नवीन आणलेल्या भुकेल्या गाईला. तिला आधी गोठ्यात कडबा घाला, मगच चरायला सोडा.

पानातलं लँटाडीन हे विष लिव्हरवर जातं आणि पित्त तुंबतं. एक-दोन दिवसात खाणं बंद, रवंथ बंद, शेण घट्ट, मग डोळे पिवळे. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक पदार्थ तयार होतो, एरवी तो पित्तातून निघून जातो, आता तो रक्तातून कातडीत साठतो आणि ऊन लागलं की कातडी भाजते, म्हणून नाकपुडी, कान, सड आणि पांढरे ठिपके असलेली जागाच लाल होऊन सोलते, काळी जागा बऱ्यापैकी वाचते. लोक याला त्वचारोग समजून नुसतं मलम लावत बसतात!

पहिलं काम, जनावर सावलीत घ्या, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात, आणि लगेच पशुवैद्यक बोलवा. वाट बघू नका कारण कोठीपोट, म्हणजे रवंथाचं पहिलं मोठं पोट, थांबलेलं असतं, खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष रोज थोडं थोडं शोषलं जातं. ते शोषून घ्यायला ॲक्टिवेटेड चारकोल, म्हणजे औषधी कोळशाची पूड देतात, पण मोठ्या जनावराला तो अडीच किलोपर्यंत लागतो, दोन पुड्यांनी काही होत नाही. डोस डॉक्टरच ठरवतील.

आता झुडूप. कोयत्याने वरून छाटलं की बुडातून दुप्पट फुटवे येतात, जाळूनही तेच. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंची पद्धत सोपी आहे, टिकावाने बुडाची माती उकरायची, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे बूड परत मातीला टेकत नाही. हे फळं काळी व्हायच्या आत उरका, बुलबुल खाऊन बी लांबवर टाकतात. काढलेला पाला गोठ्याजवळ टाकू नका, वाळला तरी विष जात नाही. रिकाम्या जागेत लगेच गवताचं बी टाका, आणि पावसाळ्यात उगवलेली रोपं ओल्या मातीतून हातानेच उपटा, फक्त हातमोजे घालून, खोडाला काटे असतात.