लो-कार्ब सुरू करताय? आधी भाकरीचं पीठ मोजा

साखर बंद केली, भात सोडला आणि दुपारच्या जेवणात दोन ज्वारीच्या भाकऱ्या आल्या. महिन्याभरानंतरही वजनाचा काटा जागचा हलत नाही. असं का होतं, ते पिठाच्या डब्यात सापडतं. १०० ग्रॅम कोरड्या पिठात, मग ते गव्हाचं असो, ज्वारीचं, बाजरीचं की नाचणीचं, साधारण ६० ते ७० ग्रॅम कार्ब म्हणजे कर्बोदकं असतात. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागलं तर तिच्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कार्ब आले, दोन भाकऱ्यांत ९०. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात ते २८ असतात. ज्वारीत तंतू जास्त आहेत आणि ती हळू पचते हे खरंच आहे, पण म्हणून ती लो-कार्ब ठरत नाही. ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘डायबेटिक’ असं छापलेल्या आट्याचंही तेच.

किती खाल्लं म्हणजे लो-कार्ब?

सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहिलं तर त्याला लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आलं की ते कीटो. नवख्याने थेट कीटोवर उडी मारू नये. १०० ते १२० ग्रॅम हे सुरुवातीला पेलवणारं उद्दिष्ट आहे. त्यात दुपारची एक पोळी बसते, वरण बसतं, एखादं फळ बसतं आणि घरात दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. जी पद्धत घरच्या ओट्यावर जमत नाही ती तीन आठवड्यांत मोडते.

गोळ्या चालू असतील तर

हे सगळ्यात आधी पाहायचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना कार्ब अचानक कमी केले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण औषधाचा डोस जुन्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून डोस बदलून घ्या. मनाने गोळी सोडू नका. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक असं झालं आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या क्षणी डाएटचा विचार करायचा नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कीटोच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्या बाबतीत साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांपैकी काही असेल तर हा लेख वाचून सुरुवात करू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे घरी रक्तदाब मोजावा. तो उतरला आणि चक्कर येऊ लागली तर गोळी कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील.

पहिले तीन दिवस काही बदलू नका, फक्त मोजा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पीठ आणि डाळ कोरडी असतानाच तोलायची, शिजल्यावर पाण्यामुळे वजनाचा अंदाज फसतो. पोळ्यांचा हिशेब सोपा आहे: ३०० ग्रॅम कणकेच्या १२ पोळ्या झाल्या तर एका पोळीत २५ ग्रॅम पीठ, म्हणजे १६-१७ ग्रॅम कार्ब. त्याच कणकेच्या आठच केल्यात तर प्रत्येकी २४-२५. ‘मी दोनच पोळ्या खातो’ या वाक्याला त्यामुळेच अर्थ नसतो. भातासाठी घरातली एकच वाटी ठरवा आणि तिच्यात शिजलेला भात किती ग्रॅम मावतो ते एकदा तोलून लिहून ठेवा.

चहासुद्धा धरायचा. १०० मिली दुधात ५ ग्रॅम आणि दोन सपाट चमचे साखरेत ८ ते १० ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे कपाला १४ च्या आसपास. चार कप झाले की भाकरीपेक्षा जास्त. गूळ घातल्याने यात फारसा फरक पडत नाही, मधानेही नाही. पोह्यांच्या बशीत ६० ग्रॅम कोरडे पोहे असतील तर ४५ ग्रॅम कार्ब, वर बटाटा घातला असेल तर तो वेगळा. चहा, पोहे, दोन वेळच्या तीन-तीन पोळ्या आणि भात मिळून बेरीज सहज अडीचशेच्या पुढे जाते. तो आकडा स्वतःच्या हाताने काढलेला असला की पुढे काय कमी करायचं ते आपोआप दिसतं.

कोणत्या क्रमाने कमी करायचं?

पहिल्या आठवड्यात चहातली साखर, बिस्किटं, फळांचा रस, फरसाण. दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या जेवणातलं धान्य, म्हणजे पोळी, भात आणि भाकरी तिन्ही. भाजी, आमटी, कोशिंबीर आहे तीच, फक्त भाजी दुप्पट वाढून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात न्याहारी: पोहे, उपमा, इडलीऐवजी दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट, पनीर भुर्जी, किंवा ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेलं धिरडं आणि त्यात किसलेलं पनीर. दुपारची एक पोळी मात्र शेवटपर्यंत राहू द्या.

मेथी, पालक, चाकवत, दुधी, दोडका, पडवळ, कारलं, कोबी, फ्लॉवर, वांगी, भेंडी, तोंडली, गवार, ढोबळी मिरची पोटभर चालतात. बटाटा, रताळं, सुरण, मका या पिष्टमय गोष्टी. भाजीला दाटपणा बेसनाऐवजी दाण्याच्या कुटाने किंवा ओल्या नारळाने आणा. फळांत पेरू, पपई, स्ट्रॉबेरी सोयीची. केळं, चिकू, द्राक्षं आणि आमरस या काळात जड जातात. आंबा सोडवत नसेल तर एक-दोन फोडी खा आणि त्या दिवशीची पोळी वगळा.

भूक लागते, चार वाजता काहीही खावंसं वाटतं

हा प्रश्न प्रथिनांचा आहे आणि इथेच बहुतेकांचा गाडा अडतो. ताटातून दोन पोळ्या काढल्या आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर तो उपास झाला. त्यातच तेल-तूपही बंद केलं की संध्याकाळी भेळ समोर येणारच. कार्ब कमी करताना स्निग्ध पदार्थ तोडायचे नाहीत, नेहमीची फोडणी आणि चमचाभर तूप राहू द्या. उलट लोण्याचे गोळे खाण्याचीही गरज नाही.

शाकाहारी घरात डाळीला प्रथिनांचा मुख्य आधार मानतात. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे बरोबर, पण सोबत ५५ ग्रॅमच्या आसपास कार्बही येतात. आणि पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ असते जेमतेम २०-२५ ग्रॅम. तेव्हा डाळ खायची, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम प्रथिनं असं धरलं तर ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला ६० ग्रॅम हवीत. ती अशी जमतात: १०० ग्रॅम पनीर (१८), ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (१५), ३० ग्रॅम दाणे (७), २०० ग्रॅम दही (६-७), ३० ग्रॅम डाळ (६), उरलेली पोळी आणि भाज्यांतून. सामिष खाणाऱ्यांचं काम बरंच सोपं आहे, एका अंड्यात ६ ग्रॅम, तर बांगडा, सुरमई किंवा कोंबडीच्या १०० ग्रॅममध्ये २० च्या आसपास. मासे रव्यात घोळवू नका, नुसतं तिखट-मीठ-आगळ लावून तव्यावर भाजा, आणि सोबत भाताऐवजी सोलकढी प्या.

डोकं दुखतं, पायात गोळे येतात

कार्ब उतरले की इन्सुलिनही उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकू लागतात. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, मरगळ, उठताना येणारी चक्कर बहुतेकदा याचीच असते. दिवसातून एक-दोन पेले पातळ ताक, चिमूटभर जास्त मीठ आणि जिरेपूड घालून, एवढ्याने बरं वाटतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे वाढीव मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलोने उतरलं तर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा रिकामा झाला की ते पाणी जातं. एका लग्नाच्या पंगतीनंतर काटा किलोभर वर गेला तर तेच पाणी परत आलेलं असतं. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या.

बद्धकोष्ठ झालं तर जवसाची चटणी उत्तम. जवसातले जवळजवळ सगळे कार्ब तंतूच असतात. रोज दोन चमचे चटणी आणि भरपूर पाणी. इसबगोलही चालतं.

उपवासाचं काय करायचं?

साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅम कोरड्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कार्ब. खिचडीच्या एका बशीला ७५ ग्रॅम साबुदाणा लागला तर दिवसाचे अर्ध्याहून जास्त कार्ब तिथेच संपले. भगर आणि राजगिरा त्याहून बरे, पण मोजूनच. दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, ताक, ओलं खोबरं, उपवासाला चालत असेल तर पनीर, यांवर एकादशी नीट निभते.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा?

परदेशात राहणाऱ्यांनी इथे जपावं. अमेरिकेतल्या पाकिटावर एकूण कार्बमध्ये तंतूही धरलेले असतात, ब्रिटन आणि युरोपात ते आधीच वेगळे काढलेले असतात. युरोपातल्या आकड्यातून तंतू पुन्हा वजा केले तर हिशेब चुकतो. ‘शुगर फ्री’ बिस्किटांत साखर नसली तरी मैदा असतोच.

तपासण्या आणि अडलेलं वजन

सुरू करण्याआधी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) या तपासण्या करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्यात पाहून उपयोग नाही. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. तसं झालं तर तूप, लोणी, खोबरं कमी करून शेंगदाणा तेल, दाणे, तीळ, मासे यांकडे वळा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

वजन तीन-चार आठवडे जागचं हललं नाही, तर पुन्हा तीन दिवस सगळं तोला. बहुतेक वेळा पोळी हळूहळू जाड झालेली असते, किंवा येता-जाता तोंडात टाकलेले काजू आणि दाणे कुठेच लिहिलेले नसतात.