दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्यात? आधी सर्वे असा करा

बहुतेक जण काय करतात, गूगल फॉर्म बनवतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, ‘तुम्हाला शुद्ध, घरगुती, चविष्ट फराळ घ्यायला आवडेल का?’ आता याला नाही कोण म्हणणार! त्या हो-हो वर भाजणी दळून आणली की चकल्या नातेवाइकांत वाटायची वेळ येते.

फॉर्म नंतर. आधी वहीत लिहा की आपल्याला ठरवायचंय काय. विकणार काय, कितीला, कुठे पोचवणार, लोकांना कळणार कसं (अमेरिकन प्राध्यापक मॅकार्थीने 1960 मध्ये मांडलेले मार्केटिंगचे चार पी, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, ते हेच), आणि मुळात गिऱ्हाईक कोण, नोकरीवाली जोडपी की परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणारे आईवडील, कारण दोघांचं पॅकिंगपण वेगळं आणि तारखापण. मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, उत्तर अमुक आलं तर मी काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर प्रश्न खोडा. वय, शिक्षण वगैरे उगाच विचारलेलं इथेच उडतं.

आता प्रश्न. ‘घ्याल का’ नको, ‘गेल्या दिवाळीत काय काय विकत आणलं, कुठून, साधारण किती रुपयांचं’ असं विचारा, झालेलं सांगताना माणूस फार फेकत नाही. ‘चव आणि भाव कसा वाटला?’ हे दोन प्रश्न आहेत, तोडा. पर्यायात 500 ते 1000 आणि 1000 ते 1500 ठेवलं तर बरोबर हजारवाला टिक कुठे करणार? 501 ते 1000, 1001 ते 1500 करा, आणि ‘विकत आणलं नाही’ हा पर्याय हवाच.

चव आवडणं आणि विकत घेणं वेगळं हो. कोका-कोलाने 1985 मध्ये जवळपास 2 लाख लोकांना चव देऊन नव्या चवीचं न्यू कोक आणलं, तरी 79 दिवसांत जुनं परत आणावं लागलं.

पाठवण्याआधी तिघा-चौघांना समोर बसवून फॉर्म भरायला लावा, मध्ये बोलू नका, जिथे ते ‘म्हणजे?’ विचारतील ते वाक्य बदला. ओळखीचे गोडच बोलतात, त्यामुळे लिंक मैत्रिणीच्या ऑफिसात, शेजारच्या सोसायटीतही फिरवा. नाव-नंबर सगळ्यात शेवटी.

आणि त्याखाली एकच ओळ: ‘अर्धा किलो चकली, 100 रुपये अ‍ॅडव्हान्स, बुक करायची?’ सोबत यूपीआयचा क्यूआर. भाजणी किती दळायची ते तिथे जमा झालेल्या पैशांवरून ठरवा.