चादरींच्या साठ्याची वही ब्राउझरमध्ये आणण्यापूर्वी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याची साठावही ब्राउझरमध्ये आणायची असेल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ती वही समोर ठेवावी आणि प्रत्येक रकान्यातील माहिती कोणत्या प्रकारची आहे, हे कागदावर लिहून काढावे. चादरी डझनात मोजल्या जात असल्या तरी साठवताना सर्वत्र नगच धरावेत. दर पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावा, कारण जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही.

सर्वांत जास्त काळजी तारखेची घ्यावी. लोकलस्टोरेज ही ब्राउझरमधील साधी साठवणजागा केवळ मजकूर साठवते; जेसन या माहिती मजकुरात मांडण्याच्या पद्धतीतून गेलेली तारीख मजकूर बनते आणि तीही जागतिक प्रमाणवेळेत, त्यामुळे १ एप्रिल २०२५ ची आपली मध्यरात्र तेथे ३१ मार्च, १८:३० अशी उतरते. त्यातली पहिली दहा अक्षरे कोणी तारीख म्हणून उचलली, की नव्या आर्थिक वर्षाचे बिल जुन्या वर्षात जाऊन बसते. इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधील डेटाबेसमध्ये मात्र तारीख तारीखच राहते, म्हणून या कामासाठी तीच निवडावी. तिची मूळ रचना किचकट असल्याने मदतीला डेक्सीसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी.

डेक्सीत तक्ता घोषित करताना ज्यांवर शोध घ्यायचा तेवढेच रकाने लिहावेत. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेची सवय असलेले बहुधा सगळेच लिहून मोकळे होतात. ‘पैसे जमा झाले का’ हा रकाना शोधात हवा असेल, तर तेथे ० किंवा १ ठेवावा, कारण इंडेक्स्डडीबी खरे-खोटे या मूल्यांवर इंडेक्स (शोधसूची) करत नाही.

जावास्क्रिप्टला माहितीच्या प्रकारांची जोड देणाऱ्या टाइपस्क्रिप्टने दिलेली प्रकारांची हमी कोड चालू होताच संपते. गेल्या वर्षीच्या कोडने लिहिलेली नोंद आजच्या व्याख्येत बसेलच असे नाही, म्हणून वाचताना प्रत्येक नोंद झॉडसारख्या लायब्ररीतून तपासून घ्यावी आणि न बसणारी नोंद गुपचूप टाकून न देता बाजूला काढून ठेवावी. घोषित रकाने बदलले, की डेटाबेसच्या आवृत्तीचा क्रमांक वाढवावा.

साठा कायम राखण्याची परवानगी ब्राउझरकडे मागावी, तरी तिच्यावर विसंबू नये. कारखान्यातल्या संगणकावरील नोंदी चाटी गल्लीतल्या दुकानाच्या संगणकावर आपोआप दिसणार नाहीत, हे मालकांना आधीच सांगावे. सर्व नोंदी फाइलमध्ये उतरवण्याचे बटण पहिल्याच दिवशी द्यावे आणि ती फाइल रिकाम्या ब्राउझरमध्ये भरून तारखा व नग जुळतात का, ते वहीशी ताडून पाहावे.