रॅम्पशेजारी बसून चित्र काढताना

मॉडेल तुमच्यासमोर जेमतेम अर्धा मिनिट असते. तेवढ्यात चेहरा काढायला घेतलात की संपलं. पहिल्या वर्षी कॉलेजच्या फॅशन शोमध्ये मी अकरा सुबक नाकं काढून आणली होती. कपडा एकही नाही.

आता आधी खांद्यांची तिरकी रेघ, मग कमरेची. वजन ज्या पायावर, त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली झुकतो. एवढं पकडलं की आकृती चालायला लागते. त्यावर कपड्याची बाह्यरेषा आणि नजरेत भरलेली एकच गोष्ट: पैठणीचा काठ, बाहीची चुणी, काहीही. पाय घरी पूर्ण करा, चाल बहुतेकींची सारखीच असते.

रंग तिथे भरू नका. निळ्या-जांभळ्या दिव्यांत पांढरं काय नि मोतिया काय! दिवे पांढरे झाले की कोपऱ्यात ‘राणी’, ‘मोरपंखी’, ‘आमसुली’ असं लिहून ठेवा.

शाईची बाटली अजिबात नको, ब्रशपेन पुरे. (माझ्या बाटलीने शेजारच्या काकूंच्या ओढणीला भेट दिली आहे.) परीक्षेच्या पॅडला सुटे कागद लावा, वहीची पानं अंधारात चिकटतात.

सराव तुळशीबागेत, संध्याकाळी. एखाद्या दुकानाच्या कडेला उभं राहा, मोबाइलवर २० सेकंद लावा आणि पिशव्या सांभाळत येणाऱ्या बायका काढा. त्या रॅम्पवरच्या मुलींपेक्षा भरभर चालतात आणि वळताना अजिबात सांगत नाहीत.