घसा बसला, तेव्हा कळलं

शिक्षकीच्या पहिल्या वर्षी, तीन महिने व्हायच्या आतच माझा घसा बसला. सहावीच्या वर्गात "गप्प बसा" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पहिल्या बाकावरची मुलगी अगदी काळजीने म्हणाली, "बाई, आज ओरडणार नाही का तुम्ही?"

डॉक्टरांनी चार दिवस बोलणं बंद सांगितलं, आणि कुजबुजणंही. कुजबुजल्याने स्वरतंतूंना विश्रांती मिळते हा माझा गैरसमज होता. उलट त्यांच्यावर ताण येऊ शकतो. वर, तासांच्या मध्ये घोट घोट पाणी प्या म्हणाले. मनात म्हटलं, मध्ये वेळ असतो कुठे?

रजा न घेता ते चार दिवस मी फळ्यावर लिहून आणि टाळ्या वाजवून काढले. चौथ्या दिवशी वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. तेव्हा वाटलं, मुलांना दया आली असेल. खरं कारण नंतर वाचलं. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली ही गोष्ट नोंदवली होती. मी ओरडायचे, त्यावर मुलं आवाज चढवायची, मग मी आणखी. ही शर्यत माझ्याकडूनच बंद झाली होती.

नव्याने या पेशात आलेल्यांना म्हणूनच सांगते, ताण घालवायचे उपाय शाळा सुटल्यानंतरच्या वेळात शोधू नका. तो तासात चढतो, तिथेच उतरवावा लागतो. (आमच्याकडे एकदा तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली होती. शाळा सुटल्यावर, दोन तास, हजेरी सक्तीची.)

तासातल्या तासात मला सगळ्यात उपयोगी पडली ती गप्प राहण्याची सवय. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं, तर मुलं मोठी उत्तरं देतात आणि एरवी न बोलणारीही बोलतात. तिने हे मुलांच्या शिकण्यासाठी सांगितलं; मी ते स्वतःच्या श्वासासाठी वापरलं. प्रश्न टाकायचा, खडू खाली ठेवायचा, मनात तीन मोजायचे. पहिला आठवडा ती शांतता अक्षरशः अंगावर येते, हात आपोआप फळ्याकडे जातो. नंतर तिची सवय होते. दिवसाला तीस प्रश्न विचारत असाल, तर तीस वेळा खांदे खाली येतात.

वर्गाच्या दारात एक लांब उच्छ्वास सोडणं हेही चांगलं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. पण आधीच्या वर्गातलं भांडण तेवढ्याने पुसलं जात नाही, हेही खरं.

वह्यांचं काय? पहिल्या वर्षी मी प्रत्येक निबंधातली प्रत्येक चूक लाल करायचे. मुलं गुण पाहायची आणि वही मिटायची. आता एका वेळी एकच गोष्ट तपासते: या खेपेला फक्त परिच्छेद, पुढच्या खेपेला विरामचिन्हं. मुलांना तसं आधीच सांगून ठेवते, नाहीतर पालक विचारतात, बाईंना ही चूक दिसली नाही का. उरलेला गठ्ठा शाळेच्या कपाटात राहतो. तो घरी नेऊन न तपासताच परत आणला, की दोनदा थकायला होतं. हे मी इतक्यांदा केलंय की मोजदाद सोडली.

स्टाफरूममधल्या गाऱ्हाण्यांबद्दल एवढंच: दहा मिनिटं बरं वाटतं, अर्ध्या तासाने डोकं जड होतं.

साधा थकवा कुठे संपतो, हे मात्र ओळखायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. दुसरी खूण शिक्षकाला उशिरा दिसते. एखाद्या मुलाचं उत्तर ऐकायच्या आधीच "याला काय येणार" असं मनात आलं, आणि ते रोज येऊ लागलं, तर रविवारच्या झोपेने ते जाणार नाही. विश्वासाच्या माणसाशी बोला, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा.

त्या व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे: बर्नआउट हा आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलेला आहे. म्हणजे दोष दरवेळी तुमच्या मनाच्या ताकदीत नसतो. माझे सलग पाच तास होते. त्यावर कुठलाच श्वास पुरला नसता. वर्षभर मी त्याबद्दल बोलले नाही, कारण नव्या माणसाने तक्रार करू नये असं वाटायचं. दुसऱ्या वर्षी वेळापत्रक कागदावर काढून, कुठले दोन तास अदलाबदल होऊ शकतात ते दाखवून मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. त्यांनी एक बदल मान्य केला, दुसरा नाही.

तिसऱ्या तासाला आता मी पाणी पिते.