दुःखाच्या घरी भेटीला जाताना

लेकरू गेलेल्या एका आईसमोर बसून मी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं 28वं वचन वाचलं होतं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असं सांगणारं. मुलाला पुरून तीन दिवस झाले होते. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, दारापर्यंत पोचवायलाही आली. त्यानंतर मात्र मी घरात पाऊल टाकलं की ती आतल्या खोलीत निघून जायची. सात-आठ महिने असं चाललं. वचन खरं आहे, आजही मी त्यावर विश्वास ठेवते. पण त्या दिवशी ते मी तिच्यासाठी वाचलं नव्हतं. त्या खोलीतली शांतता मला सोसवत नव्हती, म्हणून वाचलं होतं.

आजारी आणि शोकात असलेल्या घरी मंडळीतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, भेटीला जाण्याचं काम मी 22 वर्षं करते आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना जे समोर बसवून सांगते, तेच इथे लिहिते.

आधी शब्दाबद्दल. येशूला ‘कळवळा आला’ असं आपण शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांतांत, वाचतो, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांच्या शब्दावरून आलेलं आहे. मराठीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपलंही आतडंच तुटतं, पोटातच कालवतं. बायबलच्या नव्या करारात हे क्रियापद 12 वेळा येतं, आणि बाराही वेळा मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांतच. ही सगळी ठिकाणं एका बैठकीत सलग वाचून काढा, असा माझा पहिला आग्रह असतो. वाचताना पुढचं वाक्य काय आहे ते बघा. कुष्ठरोग्याचा कळवळा आला आणि येशूने हात पुढे करून त्याला शिवलं. मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेचा कळवळा आला आणि तो जवळ जाऊन तिरडीला हात लावता झाला. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या शोमरोन्याला, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाला, वाटेतल्या जखमी माणसाचा कळवळा आला आणि त्याने जखमा बांधल्या. त्याच्याच दुसऱ्या गोष्टीत बापाला घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा कळवळा आला आणि तो धावला. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कळवळ्यानंतर हात किंवा पाय हलतो. नुसतं वाईट वाटून घरी बसलेल्याबद्दल हा शब्द वापरलेला मला दिसलेला नाही.

आता प्रत्यक्ष भेट. निघण्यापूर्वी फोन करा आणि ‘आज येऊ का?’ असं विचारा. ‘येतोय’ असं कळवणं आणि ‘येऊ का’ असं विचारणं यांत फरक आहे. दुसऱ्यात त्यांना नाही म्हणता येतं. नाही म्हणाले तर राग धरू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. दोघं जा. येशूनेही आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं, आणि जाणाऱ्याच्या व घरच्यांच्या, दोघांच्याही सुरक्षिततेसाठी ते बरं असतं. चार-पाच जण कधीच जाऊ नका. त्यांची सरबराई करण्यात त्या घराचं उरलेलं बळ संपतं. गेलेल्या माणसाचं नाव नीट माहीत करून घ्या.

पोचल्यावर मोबाईल बंद करून पिशवीत ठेवा. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईलही समोरच्याला दिसत असतो. आजाऱ्याच्या खाटेवर बसू नका, खुर्ची ओढून घ्या, आणि आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असं बसा. झोपलेल्या माणसाशी उभं राहून बोललं की त्याला मान वर करावी लागते. आजाऱ्याकडे वीस मिनिटं पुरेत. शोकाच्या घरी घड्याळ न बघता बसावं लागतं.

आणि गप्प बसायला शिकावं लागतं. हे सगळ्यांत अवघड, म्हणून यावर मी जास्त वेळ घालवते.

बायबलमधल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली, तेव्हा त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, लांबून आले. त्याला ओळखू येईना इतकी त्याची दशा बघून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. एक शब्द कोणी बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथवर ते चांगले सांत्वनकर्ते होते. आठव्या दिवसापासून त्यांनी दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली आणि पुढचे कितीतरी अध्याय ती सांगत राहिले. शेवटी देवाने अलीफजला सुनावलं की, माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत. त्यांची बरीच वाक्यं ऐकायला धार्मिकच आहेत. म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. माझी त्या दिवशीची जीभ त्यांच्याच जातीची होती.

नव्या माणसाला मी सराव करायला लावते. समोरच्याचं वाक्य संपलं की मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं आणि मगच तोंड उघडायचं. बहुतेक वेळा सहा-सातपर्यंत पोचताच समोरचं माणूस स्वतःच पुढे बोलू लागतं, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

पण नेहमीच गप्प राहायचं असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशूचा मित्र लाजार याला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू पोचतो. लाजाराची बहीण मार्था त्याला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि तेच म्हणते. दोघींचं वाक्य एक, दुःखही एकच. मार्थेला येशू पुनरुत्थानाबद्दल सांगतो, तिच्याशी प्रश्नोत्तरं करतो. मरीया मात्र पाया पडून रडते आहे. तिच्याशी तो शिकवणुकीचं काही बोलत नाही. त्याला कुठे ठेवलंत, एवढं विचारतो आणि रडतो. काही मिनिटांनी लाजाराला तो कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार आहे, तरी रडतो. एकाच घरातल्या दोन बहिणींना एकच उत्तर त्याने दिलं नाही, तर मी सगळ्या घरांत तीच चार वचनं घेऊन कशी फिरू? विचारणाऱ्याला उत्तर हवं असेल तर जरूर बोला. पण ‘देवाने असं का केलं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा हंबरडा असतो. त्याला उत्तर देऊ नका, त्याच्याजवळ बसा.

काही वाक्यं मी सरळ बंद करायला सांगते. ‘तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतं’, कारण कळत नसतं. ‘देवाला ती जास्त आवडली’, ‘निदान त्रासातून सुटले’, ‘दुसरं मूल होईल’, ‘विश्वास कमी पडू देऊ नका’, ही वाक्यं दुःख गुंडाळून बाजूला ठेवायची घाई करतात. ‘निदान’ या शब्दाने सुरू होणारं कुठलंही वाक्य गिळून टाका. त्याऐवजी गेलेल्याचं नाव घ्या आणि विचारा, ‘त्याच्याबद्दल सांगाल?’ लोक आठवण काढायला भितात, रडवल्यासारखं होईल म्हणून. रडणं आधीच चालू असतं, आपल्यासमोर नसतं एवढंच.

प्रार्थना करण्याआधी ‘करू का?’ असं विचारा, आणि ‘देवाकडे काय मागू?’ असंही विचारा. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत आला, त्याला काय हवं ते कोणालाही दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? एका दीर्घ आजारी बाईंना मी हे विचारलं तेव्हा बऱ्या होण्याचं त्यांनी काढलंच नाही. मुलाशी तुटलेलं बोलणं पुन्हा जुळावं, एवढंच त्यांना हवं होतं. न विचारता मी बरं होण्यासाठी दहा मिनिटं प्रार्थना केली असती. प्रार्थना लहान असू द्या, त्यांचेच शब्द त्यात येऊ द्या. डोळे मिटून प्रवचन करू नका. देवाने न दिलेलं वचन देवाच्या नावावर देऊ नका. ‘तुम्ही नक्की बरे व्हाल’ हे ठरवायला आपण कोण? आणि ज्याला प्रार्थनाच करवत नाही, देवाचा राग आला आहे, त्याच्यापुढे बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेचं कडवं नाही. ते पवित्र शास्त्रात आहे, त्यामुळे तसं बोललेलं देवाला चालतं हे मला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मदतीचं बोलताना ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. ज्याला उठून तोंड धुणं जमत नाही, तो यादी काय करणार? ठरावीक दोन गोष्टी पुढे ठेवा: ‘मंगळवारी मुलांना शाळेत सोडू, की दवाखान्यात तुमच्याबरोबर येऊ?’ निवडणं सोपं असतं. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. स्पर्श करून उठवलं, ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी होतं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिलं आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर, 40 दिवसांचा प्रवास करून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

आणि मदतीच्या बदल्यात काही मागू नका, उपासनेला येण्याचंसुद्धा. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत एकच आला. येशूने बाकीचे नऊ कुठे आहेत असं विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. मदत गळाला लावायचं आमिष झाली की घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

यानंतरची गोष्ट मंडळीतल्या लोकांना बोचते, तरी सांगते. घरात ऐकलेलं बाहेर ‘प्रार्थनाविषय’ म्हणून सांगू नका. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा, नवरा-बायकोचं फार बिनसलंय’, हे डोळे मिटून सांगितलं तरी चहाडीच आहे. कोणाला काय सांगायचं ते त्या माणसाला विचारा आणि तेवढंच सांगा. मात्र ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्दही आधी देऊ नका. कोणी जीव द्यायचं बोललं, घरात मारहाण होते आहे किंवा लेकराला कोणी त्रास देतं आहे असं कळलं, तर ते आपल्यापुरतं ठेवणं पाप आहे. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. लेकराचा प्रश्न असेल तर मंडळीत मिटवत बसू नका, कायद्याने ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे जा. प्रार्थना सोबत चालू राहील, पण डॉक्टरांच्या जागी तिला बसवू नका.

दमणुकीबद्दल थोडंसंच. चांगला शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला, हे आपण वाचताना विसरतो. एक रात्र त्याने स्वतः सेवा केली, मग उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उरलेला खर्च परत येताना देतो म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. सगळं त्याने एकट्याने केलं नाही. सलग तीन मरणाच्या घरी गेल्यावर मी पुढची भेट दुसऱ्या बहिणीकडे सोपवते. पूर्वी सोपवत नव्हते आणि एका वर्षी कोणाच्याही दुःखाने मला काही होईनासं झालं होतं. ते मला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

पण ‘परत येताना’ हे शोमरोन्याचे शब्द धरून ठेवा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा गेला नाहीत तरी चालेल. दुसऱ्या महिन्यात जा, सहाव्यात जा. एक साधी वही ठेवा: नाव, गेल्याची तारीख, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, आणि त्या घरी आपण काय करायचं कबूल केलं आहे ते. दुःखाची तपशीलवार हकिगत तीत लिहू नका, वही हरवू शकते. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ती उघडा आणि त्या महिन्यातल्या तारखांवर खूण करा.

त्या आईच्या मुलाची जन्मतारीख माझ्या वहीत होती. त्या दिवशी सकाळी फोन करून येऊ का विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग ‘या’ म्हणाली. मी शास्त्र पिशवीतच ठेवलं. मुलाचं नाव घेऊन म्हटलं, ‘आज तो नऊ वर्षांचा झाला असता.’ ती आत गेली. मला वाटलं, नेहमीसारखी गेली. ती त्याची चित्रकलेची वही घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती, ती सगळी आम्ही एकेक करून उलटली. प्रार्थना मी केली नाही, तिने सांगितलीही नाही. निघताना म्हणाली, ‘बुधवारी यांना रात्रपाळी असते, मी एकटीच असते.’ बाहेर पायरीवर उभी राहून मी वहीत बुधवार लिहून घेतला.