रसायनाच्या ओढीने सरकणाऱ्या जीवांचे प्रतिमान: आधी पेशींचा हिशेब

इंदुरात रविवारी पोहे-जिलेबीचा बेत झाला की ओट्यावर सांडलेल्या पाकापर्यंत मुंग्यांची रांग लागते, आणि गणिताचा विद्यार्थी केमोटॅक्सिससाठी, म्हणजे रसायनाच्या ओढीने होणाऱ्या हालचालीसाठी, हेच उदाहरण निवडतो. ते तूर्त बाजूला ठेवावे; मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या गंधाच्या वाटेने चालतात आणि त्या वाटेचे गणित निराळे आहे. आरंभाला मातीतील डिक्टिओस्टेलियम हा अमीबा बरा. उपासमार झाली की त्याच्या पेशी सायक्लिक एएमपी हे रसायन सोडतात आणि त्याच्याच दिशेने सरकत एकत्र येतात. केलर व सेगेल या संशोधकांनी १९७० साली याच घटनेचे गणिती प्रतिमान मांडले.

समीकरण उतरवून घेण्याची घाई न करता एका रेषेचे समान कप्पे पाडावेत आणि प्रत्येक सीमेवरून किती पेशी जातात एवढेच आधी लिहावे. हा प्रवाह दोन भागांचा असतो: विसरणाचा, जो दाटीकडून विरळ जागेकडे जातो, आणि ओढीचा, जो ओढ-गुणांक (ओढ किती तीव्र ते सांगणारा आकडा), पेशींची घनता व रसायनाची प्रवणता (जागेनुसार ते किती वेगाने वाढते) यांच्या गुणाकाराइतका असून वाढत्या रसायनाकडे जातो. रसायनाचे विसरण, पेशींकडून होणारी निर्मिती आणि विघटन वेगळे मांडावे. दोन्ही टोके बंद ठेवावीत.

ओढीच्या प्रवाहात घनता पेशी ज्या कप्प्यातून निघतात त्याच कप्प्याची घ्यावी. शेजारच्या दोन कप्प्यांची सरासरी घेतल्यास उंच शिखराजवळ घनता ऋण होऊ शकते. (ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये आढळते.)

आता चाचणी. रेषेची लांबी १० आणि ओढ-गुणांक सोडून बाकी सर्व गुणांक १ धरावेत, घनता व रसायन दोन्ही १ ठेवून घनतेत किंचित चढउतार घालावा. कप्पा ०.१ चा असेल तर विसरणामुळे कालपायरी ०.००५ पेक्षा मोठी चालत नाही, ०.००२ घ्यावी. रेषीय विश्लेषणानुसार, म्हणजे चढउतार अगदी लहान धरून केलेल्या हिशेबानुसार, ओढ-गुणांकाचा उंबरठा १ + (π/१०)², म्हणजे सुमारे १.१ येतो. त्यामुळे ०.९ ला चढउतार विरले पाहिजेत आणि २ ला शिखरे उभी राहिली पाहिजेत. दोन्ही वेळी पेशींची एकूण संख्या शेवटपर्यंत तीच राहिली नाही, तर सीमेवरचा हिशेब चुकला असे समजून तिथेच शोधावे.

पृष्ठभागावर, म्हणजे दोन मितींत, पेशींची एकूण संख्या एका मर्यादेपलीकडे गेल्यास हेच प्रतिमान मर्यादित काळात अनंत घनता देऊ शकते. अशा वेळी प्रोग्रॅमला दोष न देता प्रतिमानातच गर्दी वाढेल तशी ओढ घटेल असा गुणांक घालावा, कारण खऱ्या पेशींना जागा लागते.